उरलेला शब्द

विठोबाला नवस बोलायचा नसतो, असं आई सांगायची. खंडोबाला बोलावा, तुळजापूरच्या आईला बोलावा. हा देव त्यातला नव्हे. लहानपणी मी कारण विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे बघ, त्याचं हात असं. देणाऱ्याचं हात असं आसत्यात व्हय?"

"मग त्याच्याकडं जायचं कशाला?"

"भेटाया," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसून भाकरी थापू लागली.

हे सगळं ठाऊक असूनही 2019 च्या डिसेंबरात, दवाखान्याच्या जिन्यात बसून, मी नवस बोलले. आईला पहाटे पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. महिन्याभरापूर्वीच ती कार्तिकी करून आली होती. तिच्या पिशवीत बुक्क्याची पुडी तशीच होती. आईला बोलू दे, मी येत्या आषाढीला आळंदीपासून पायी येईन, असं मी म्हटलं. नीट ठरवून, एकेक शब्द तोलून म्हटलं. एवढंच मागितलं की तिनं मला नावानं हाक मारावी. हात-पायाचं मी मागितलंही नाही. मागणं लहान ठेवलं की ते लवकर पुरं होतं, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

दीड महिना ती काहीच बोलली नाही. डोळ्यांत सगळी ओळख होती. ओठ हलायचे, घशातून आवाज यायचा, पण शब्द व्हायचा नाही. याला वाचाघात म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की असं होतं. माणसाला कळतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं, पण शब्दाची वाट सापडत नाही. काही रुग्णांच्या तोंडी फक्त एक शब्द उरतो आणि तोच पुन्हा पुन्हा येत राहतो. पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका यांनी असा एक माणूस तपासला होता. कित्येक वर्षं तो 'टॅन' एवढंच म्हणत होता. त्या माणसाच्या मेंदूवरूनच वाणीची जागा कुठं असते ते जगाला कळलं. मी हे ऐकत होते आणि मनात एकच होतं : एक शब्द उरणार असेल तर तो माझं नाव असू दे.

फेब्रुवारीत एका सकाळी मी तिला उशीला टेकवून बसवत होते. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "माउली."

मी रडले. दादांना हाक मारली. दादा आले, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "माउली." दुपारी मालिश करायला येणाऱ्या बाई आल्या, त्यांनाही माउली. संध्याकाळी दूधवाला, खिडकीतलं मांजर, भिंतीवरचं घड्याळ. पाणी हवं असलं तरी माउली, पाय दुखला तरी माउली, राग आला तरी तोच शब्द जरा जोरात. तिला तो उरला होता आणि तो कुणा एकाचा नव्हता.

आठवड्याभरात माझा आनंद मावळला. खरं सांगायचं तर मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. मी हाक मागितली होती. मिळाली ती घड्याळालाही मिळत होती. शिवाय नवस पुरा झाला की नाही, हे मला ठरवता येईना. रात्री तिच्या खाटेशेजारी पडून मी देवाशी हिशेब घालत असे. आई बोलली का? बोलली. जे मागितलं ते मिळालं का? नाही. मग मी जायचं की नाही? ज्याच्यापाशी व्यवहारच करायचा नाही असं आईनं बजावलं होतं, त्याच्याशी मी शब्दाशब्दावरून भांडत होते.

आईचं माहेर माळशिरस तालुक्यातलं. नातेपुत्याच्या अलीकडं, माउलींच्या पालखीच्या वाटेला लागून. 1972 च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. त्या वर्षीच्या गोष्टी ती फारशा सांगत नसे, पण एक सांगे. माझी आजी रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून आभाळाकडे हात जोडायची. पाऊस आला नाही. आलं ते सरकारचं काम. मुकादम, हजेरीपट, खडी फोडायची, माती वाहायची. खायला सुकडी आणि लाल मिलो. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. त्यात माझी आजी, आई आणि दोन मावश्या. "पाणी मागितलं तर द्येवानं कुदळ दिली," असं आजी म्हणायची म्हणे. तक्रारीनं नव्हे, कुणी निरोप सांगावा तशी. गावाच्या वरच्या अंगाला त्यांनी पाझर तलाव खणला. पुढच्या पावसात तो भरला. अजून भरतो. गावातल्या विहिरींना त्याचं पाणी आहे. त्याच कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, 1977 साली, देशात पहिल्यांदा.

पण दुष्काळाच्या त्याच वर्षी आजीची बैलजोडी गेली. चाऱ्यावाचून, दावणीलाच. आजीनं त्या बैलांसाठीही हात जोडले असतील. तलाव दिसतो म्हणून बैल विसरायचे, हे मला जमत नाही, आणि आईलाही जमलं नव्हतं. तिला त्या बैलांची नावं झटका येईपर्यंत पाठ होती. आता ती नावंही त्या एका शब्दाच्या पलीकडं कुठंतरी अडकली आहेत.

तुकोबांचंही असंच झालं होतं ना. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बुडालं, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्या माणसानं त्यानंतर काय केलं, तर देहूचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. अभंग पुढचे. आधी माती, दगड, भिंत. ज्याच्या घरात काही उरलं नव्हतं त्यानं देवाचं घर उभं केलं. पुढं एका अभंगात ते देवापुढं आपली सगळी हानी एकेक करून मांडतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात, झालं ते बरंच झालं. भजनात तो अभंग सुरू झाला की मी आजही गप्प बसते. मला ते शब्द उसने घेता येत नाहीत. देवळाची भिंत मात्र समजते. त्या दिवसांत त्या माणसाच्या हाताला गारा लागलेला मला दिसतो आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसतो.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. वाचा शिकवायला येणाऱ्या ताई येईनाशा झाल्या. त्यांनी फोनवर एक सुचवलं : "त्यांना पाठ असलेलं काही गाणं आहे का? बोलता न येणारी माणसं पुष्कळदा गाऊ शकतात. गाण्याची वाट मेंदूच्या उजव्या बाजूनंही जाते." बोस्टनमधल्या संशोधकांनी 1973 साली सुरावर बोलायला शिकवायची एक उपचारपद्धतच मांडली होती, असंही त्या म्हणाल्या. 1973. आई पाटीनं माती वाहत होती ते वर्ष.

आईला पाठ होता तो हरिपाठ. एकोणीस वाऱ्या केलेल्या बाईला दुसरं काय पाठ असणार? मला मात्र येत नव्हता. लहानपणी दिवेलागणीला तिच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या होत्या, पुढं शिक्षण, नोकरी, पुण्यातला संसार, यात तो कधी गळाला ते कळलं नाही. मी पोथी काढली. चष्मा लावून पहिला अभंग वाचायला घेतला, चालीत, चुकतमाकत.

दुसऱ्या ओळीला आई गाऊ लागली.

शब्द, सगळे शब्द. जोडाक्षरांसह, एकही न अडखळता. जी बाई 'पाणी' म्हणू शकत नव्हती ती ज्ञानोबांची ओवी म्हणत होती. मी चालीत चुकले तिथं तिनं डाव्या हातानं खाटेच्या कडेवर ठेका धरून मला वळणावर आणलं. अभंग संपला. मी घाईघाईनं विचारलं, "आई, माझं नाव काय?" तिनं तोंड उघडलं. "माउली."

त्या संध्याकाळपासून आम्ही रोज हरिपाठ म्हणू लागलो. मी मागितलं होतं की तिनं माझ्याशी बोलावं. त्याऐवजी मला तिच्याबरोबर गावं लागलं. दोन्ही एकच, असं म्हणायला मी तयार नाही. तिला काय दुखतं, रात्री कशाची भीती वाटते, दादांना काय सांगायचंय, हे हरिपाठात येत नाही. ते अजून आम्हाला ओळखावं लागतं, आणि पुष्कळदा चुकीचं ओळखलं जातं. पण दिवेलागणीच्या अर्ध्या तासात ती आजारी नसायची, आणि शिकणारी मी असायचे. हे मला कधी मागायला सुचलं नसतं.

आषाढ आला. त्या वर्षी वारी निघालीच नाही. जूनमध्ये आळंदीला मोजक्या लोकांत प्रस्थान झालं आणि पादुका तिथंच थांबल्या. माझा नवस फिटायची वाटच बंद झाली होती. 30 जूनला पादुका एसटीच्या फुलांनी सजवलेल्या बसमधून पंढरपूरला निघाल्या. टीव्हीवर ते दाखवत होते. लाखो माणसांची वाट, आणि तिच्यावर एक बस. दादा न बोलता आत निघून गेले. मलाही बघवेना. आई बघत होती. मान पुढं काढून, डोळे मोठे करून ती बस वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग डावा हात उचलून कपाळाला लावला आणि माझ्याकडे वळून हसली. वारी चुकली, असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. देव भेटायला जाणार होता, वाहन निराळं होतं.

पुंडलिकाची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे. दारात देव येतो, मुलगा आईबापाच्या सेवेत गुंतलेला असतो, तो वीट फेकतो आणि म्हणतो, थांब. कीर्तनकार इथं सेवेचा महिमा सांगतात. त्या वर्षी आईचं अंग पुसताना, कुशीवर वळवताना, मला देवाची बाजू पहिल्यांदा दिसली. तो भेटायला आला होता आणि त्याला जे मिळालं ती वीट होती. तो त्या विटेवर उभा राहिला. मागितलेल्यापेक्षा निराळं काही हाती आल्यावर काय करायचं, हे त्याला आधी करून बघावं लागलं होतं.

2022 ला वारी पुन्हा पायी निघाली. माझा नवस मी फेडला नाही. तीन आठवडे आईला सोडून चालत जाणं मला शक्य नव्हतं, आणि तोवर नवस हा शब्दच मला परका झाला होता. पण पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते त्या दिवशी आम्ही आईला गाडीतून तिच्या माहेरी नेलं. मामाच्या घरापासून रस्ता हाकेच्या अंतरावर. रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली होती, म्हणून मामानं चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधली. खाली आईची चाकाची खुर्ची. शेजारी मी, पाण्याचा पिंप आणि तांब्या घेऊन.

सकाळपासून रस्ता वाहत होता. पताका, वीणेकरी, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. दोन वर्षं साठवलेलं चालणं त्या पायांत होतं. आणि सगळीकडून तोच एक शब्द. माउली, बाजूला व्हा. माउली, चप्पल सुटली तुमची. माउली, चहा घेऊन जा. ट्रकवाला हॉर्नऐवजी तेच ओरडत होता, पोलीसही गर्दी हटवताना तेच म्हणत होता. अनोळखी माणसं वाकून एकमेकांच्या पायांना हात लावत होती.

आई ताठ बसली होती. एक म्हातारे वारकरी थांबले, म्हणाले, "काय माउली?" आई म्हणाली, "माउली." ते वाकले, तिच्या लुळ्या पायाला हात लावून कपाळाला लावला आणि पुढं गेले. त्यांना काही उणं जाणवलं नव्हतं. मग दुसरं कुणी, मग तिसरं. आई प्रत्येकाशी बोलत होती. कुणाला हसून, कुणाला हात हलवून, एका लंगडणाऱ्या पोराला काळजीनं, पुढं ढकलाढकली करणाऱ्या दोघांना चांगलं दरडावून. सगळ्यांना सगळं कळत होतं. अडीच वर्षांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

रथ अजून मागं होता. ऊन वाढलं. डोक्यावर वृंदावन घेतलेली एक बाई ताडपत्रीखाली आली, घाम टिपत आईपुढं उभी राहिली.

"माउली, पाणी हाय का?"

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माउली."

मी पिंपात तांब्या बुडवला.