आधी दार मोजावे

आमच्या अणदूरचा खंडोबा दरवर्षी नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि बिनबोभाट परत येतो. माझ्या व्हिडिओ गेमच्या कपाटाला मात्र माजघरातून ओसरीवर येणे जमले नाही.

लहानपणी सोलापुरात भाजीचा रुपया मी असल्या मशीनमध्ये घातला होता आणि अण्णांचा मार खाल्ला होता. तेव्हापासूनची इच्छा, पन्नाशीला आल्यावर मशीनच घरी करायला घेतले. १८ मिलिमीटरचे प्लायवूड, जुना मॉनिटर, आत रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणि १९८० सालचा जपानी पॅकमन. "आधी दार मोजा," म्हणणाऱ्या सुताराला मी वाटेला लावले. सांधे सरसाने असे पक्के केले की पुन्हा सुटायला नकोत.

ते सुटले नाहीतच. कपाट सव्वादोन फुटी, माळवदाच्या घराचे दार दोन फुटी! आडवे केले, तिरके केले; शेवटी अण्णांच्या खाटेशेजारीच ठेवले.

"कशाला केलास रे हे?" ऐंशीच्या अण्णांनी विचारले. मी दांडी कशी फिरवायची ते दाखवले.

आता रोज रात्री माजघरातून हाक येते, "एक रुपया दे रे!"

मी मुकाट्याने देतो. भाजीचाच असतो.