नवाबाचे रान, आपले रान

१/ माझे आजोळ पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला ते हेच गाव. तेव्हा पेण-रोहे इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात होते आणि पलीकडे मुरूडच्या बाजूस जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे संस्थान. आजची गोष्ट त्या संस्थानातल्या एका रानाची : फणसाड.

२/ सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. सागरी सत्ता म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण डोंगरातले हे दाट अरण्य नवाबाने शिकारीसाठी राखले होते. प्राणी मारता यावेत म्हणून जपलेल्या रानात प्राण्यांचा अधिवास टिकला, हा इतिहासाचा विचित्र न्याय.

३/ १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९८६ मध्ये मुरूड-रोहे परिसरातील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य ठरले. राजाचा मोह गेला, कायदा आला.

४/ येथे बारमाही पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात : फणसाडगाण, चिखलगाण. उन्हाळ्यात सारे रान तेथे उतरते. गारंबीच्या अजस्र वेली झाडांवरून झाडांवर जातात. वर शेकरू, आपला राज्यप्राणी. त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते. मधली झाडे तोडली, की त्याची वाटच तुटते.

५/ पण कुंपण पुरेसे नसते. फणसाडची गिधाडे पाहा. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचा अंश मेलेल्या जनावरात उरे आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. देशातील त्यांच्या तीन जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रानातल्या पक्ष्याचे मरण गावच्या गोठ्यातून आले होते.

६/ म्हणून मला देवराई आठवते. तेथे पहारा नवाबाचा नव्हता, गावाचा होता. भीती होती ती देवाची. फणसाड सत्तेने राखले, देवराया श्रद्धेने. एकात रयत दाराबाहेर होती, दुसऱ्यात तीच राखणदार.

७/ १९५१ पासून विनोबा भूदानासाठी देशभर पायी फिरले. जमीन कोणा एकाची नव्हे, हे त्यांचे सांगणे. त्यांच्याच जिल्ह्यातले हे रान तोच प्रश्न आपल्याला विचारते : नवाबाची मालकी संपली, पण रानालगतच्या गावांना ते आपले वाटते का? जेव्हा वाटेल, तेव्हाच ते खरे ‘अभय’ अरण्य होईल.