सारसाच्या शेजारी

मुंबई-पुण्याच्या माणसाला भंडारा म्हटले की पितळेची भांडी आठवतात आणि त्यापुढे फारसे काही आठवत नाही. कारधा हे नाव तर त्याला पावसाळ्यात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच भेटते: 'वैनगंगेने कारध्याला धोक्याची पातळी ओलांडली!' नदीच्या एका तीरावर भंडारा शहर, दुसऱ्या तीरावर कारधा. मध्ये इंग्रजी अमदानीतला ठेंगणा पूल आणि त्याच्या शेजारी महामार्गाचा उंच पूल. 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाचे पाणी आता इथपर्यंत तुंबते. त्यामुळे नदी वाहते आहे की तलावासारखी बसली आहे, हे काठावर जरा थांबल्याशिवाय कळत नाही.

माझी मावसबहीण कारध्याला दिलेली आहे. यंदा पोळ्याच्या सुमारास तिच्याकडे गेलो होतो. सकाळी भाऊजींबरोबर नदीकाठी फिरताना पाण्यात एक मुठीएवढी टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. मी म्हटले, "उत्तर अमेरिकेत लून नावाचा असाच एक पाणबुड्या पक्षी असतो. त्याच्या घरट्याभोवती लोक पाण्यावर तरंगत्या पाट्या लावतात आणि होड्यांना दूर ठेवतात."

भाऊजी हसले. "त्यासाठी अमेरिका कशाला? तुमसरकडे चला. तिथे पाटीसुद्धा लावत नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमसर तालुक्यातल्या एका गावी गेलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. बाळंतिणीच्या खोलीचा पत्ता कोणी छापतो का?

सगळीकडे धानाच्या बांध्या. रोवणी उरकलेली होती आणि हिरव्या पिकात पाणी लखलखत होते. ज्यांचे वावर होते ते दादा धुऱ्यावरून पुढे चालले होते. एका बाभळीपाशी ते थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बस्स. याच्या पुढे नाही जायचे, भाऊ."

दीडशे पावलांवर, बांधीच्या मधोमध, गवताचा आणि धानाच्या काड्यांचा एक ढीग पाण्याबाहेर आला होता. त्यावर एक सारस बसलेला. दुसरा जवळच उभा, राखी अंगाचा, लाल मानेचा आणि जवळजवळ माणसाएवढा उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत सारसाहून उंच पक्षी जगात नाही. थोड्या वेळाने बसलेला उठला, चोचीने अंडी अलगद फिरवली आणि बाजूला झाला. उभा असलेला शांतपणे त्याच्या जागी जाऊन बसला. पाळी बदलली होती.

"इथे बापही बाळंतपण करतो," मागून दादांच्या घरच्या म्हणाल्या, आणि दोघांकडे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. निंदणाला आलेल्या बायकांना त्यांनी ही बांधी सोडूनच काम करायला सांगितले होते. दादांनी तिथे औषधाची फवारणी केली नव्हती. कुत्र्यांवर पोराची नजर होती, आणि मोबाईल घेऊन फोटो काढायला येणाऱ्यांवर खुद्द दादांची.

"नुकसान किती होते?" मी शहरी माणसाचा प्रश्न विचारला.

"दोन-अडीच पायल्या धान जाते. पाहुणे चार दिवस राहिले तरी तेवढे जाते."

हा हिशेब वरवर साधा दिसतो, पण पक्ष्याच्या बाजूने मांडला म्हणजे त्याचे मोल कळते. सारसाची जोडी बहुधा जन्माची. एका विणीत अंडी एक किंवा दोन. ती महिनाभर उबवायची. पिल्लू लगेच आईबापांच्या मागे चालू लागते, पण उडायला त्याला तीन महिने लागतात. तेवढ्या काळात एक कावळा, एक कुत्रा किंवा एक हौशी माणूस पुरे, वर्ष फुकट जाते. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्यातच उरला आहे, आणि भंडाऱ्यातले सारस तर हाताच्या बोटांवर मोजता येतात. तिथे एक अंडे म्हणजे एक टक्का नव्हे, त्याहून पुष्कळ जास्त!

सारसाचे वेड आपल्याकडे नवे नाही. जहांगीर बादशहाने सारसांची एक जोडी पाळली होती. त्यांना लैला आणि मजनू अशी नावे दिली होती, आणि ती अंडी कशी उबवतात हे स्वतः पाहून आपल्या आठवणींत लिहून ठेवले होते. पण बादशहाला बाग होती. आमच्या दादांपाशी पोटापुरते वावर आहे.

या भागात सारस टिकला तो तलावांमुळे. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले. 1951 साली मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. त्यांत देवधान उगवते, ढिवर मासे धरतात, पाळीखालच्या बांध्यांना पाणी मिळते आणि सारसाला चारा मिळतो. तलाव गाळाने भरले, कडेने अतिक्रमण झाले, की आधी सारस जातो. मागाहून माणसाच्याही ते लक्षात येते.

1999 साली भंडाऱ्यातून निघालेल्या गोंदिया जिल्ह्यात 'सेवा' ही संस्था गेली कित्येक वर्षे सारस राखते आहे. ज्यांच्या वावरात घरटे होते त्या शेतकऱ्यांनाच तिने 'सारस मित्र' केले. उन्हाळ्यात पाणी आटून पक्षी उरल्यासुरल्या तलावांवर जमतात, तेव्हा वन खात्याच्या जोडीने पहाटे एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी माणसे बसवून सारस मोजतात. तारेला लागून मेलेला पक्षी मात्र कोणत्याही मित्राला वाचवता येत नाही. विजेच्या तारा हा सारसाचा मोठा शत्रू. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांचा प्रश्न आपण होऊन हाती घेतला, त्यात या तारांचीही चर्चा झाली.

परत निघताना मी दादांना विचारले, "धान कापणीला आले आणि पिल्लू अजून इथेच असले तर?"

"तर ही बांधी शेवटी कापू," ते म्हणाले. इतक्या सहज, की जणू मी सणाला पाहुण्यांचे काय करायचे असे विचारले होते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हलक्या धानाची कापणी सुरू झालेली असेल. सगळे नीट झाले असेल तर त्या बांधीत तपकिरी अंगाचे एक लांब टांगांचे पोर दोन उंच पक्ष्यांच्या मधून चालत असेल. त्याला अजून उडता येत नसेल. आणि आजूबाजूच्या कापलेल्या बांध्यांत धानाचा एक चौकोन तसाच उभा असेल.