तीन सूत, दहा आटे

डिंगोऱ्याच्या शिवारात कांदा, टोमॅटो आणि बाजरी यांविषयी बिनमोल सल्ला देणारी माणसे पावलोपावली भेटतात. परंतु पूल नामक खेळाच्या काठीचे दोन भाग जोडणाऱ्या पिनेवर किती आटे असावेत, या प्रश्नाचा निवाडा कल्याण–नगर रस्त्यालगतच्या माझ्या पडवीत व्हावा, अशी कल्पना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाची नोकरी संपवून, एक जुना लेथ सोबतीस घेऊन मी गावी परतलो, तेव्हा मला यत्किंचितही नव्हती. भाच्याने आळेफाट्यास पूलची टेबले मांडली आणि मुंबईहून जुन्या क्यूंचा, म्हणजे या खेळाच्या काठ्यांचा, एक जुडगा स्वस्तात उचलून आणला, तेथून या प्रकरणास प्रारंभ झाला. मुद्देमाल तपासता असे निष्पन्न झाले, की मुठीकडचे भाग, ज्यांना खेळणारे बट म्हणतात, ते बहुतेक शाबूत होते. परंतु पुढच्या निमुळत्या शाफ्टच्या तोंडातील लाकडी आटे झिजून त्यांचा भुसा झाला होता, आणि काही बटांतील पिना तर सरस सुटल्यामुळे बोटांनीच फिरत होत्या.

बिलियर्ड्स आणि स्नूकर हे खेळ आपल्या मुलखाला परके नव्हेत. स्नूकरचा जन्मच 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, आणि 1958 साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. परंतु तो साहेबी क्लबांचा कारभार होता. आळेफाट्याला येणारी पोरे टोमॅटोचा टेंपो खाली करून, हातपाय धुऊन खेळायला येतात, आणि काठी मनासारखी चालली नाही तर दोष काठीला देतात. बहुधा तो रास्तच असतो. पूलचा क्यू साधारण 58 इंच लांब, मध्यावर दुभंगणारा. फटका चामड्याच्या टिपेवर बसतो, त्याचा हादरा शाफ्टमधून बटात आणि बटातून मुठीत उतरतो. माझ्या मते तो वाहून नेण्याचे मुख्य काम सांध्यावर भिडणाऱ्या दोन सपाट तोंडांचे. पिनेने ती तोंडे एकमेकांवर आवळून धरावीत आणि आपण होऊन मध्ये लुडबूड करू नये.

पिनेला आट्यांचे गेज लावून पाहिले. जाडी इंचाचे तीन अष्टमांश, म्हणजे आमच्या सुतार-लोहारांच्या हिशेबाने तीन सूत, आणि इंचाला आटे दहा. हा आकडा वाचून मी गेज पुसून पुन्हा लावले, कारण तीन सुताला सोळा आटे हा शिरस्ता मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतला होता. व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचे जे प्रमाण सुचविले, त्यात तीन सुताला सोळा. अमेरिकेच्या जाड आट्यांच्या तक्त्यातही सोळाच. तेथील बारीक आट्यांच्या तक्त्यात चोवीस. दहाचा दाखला कोठेच नाही. तरीही पुण्यास बोहरी आळीत जाऊन खातरजमा केली. आटे पाडणाऱ्या टॅप आणि डाय यांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेल्या एका दुकानातील वृद्ध गृहस्थांनी माझी पिन चष्म्याजवळ नेऊन न्याहाळली आणि म्हणाले, "साहेब, दहा आटे पाहिजेत तर सहा सूत घ्या. तीन सुतात दहा आटे कोण पाडतो?"

गृहस्थ थट्टा करीत होते, परंतु त्या थट्टेतच माझ्या शोधाची किल्ली होती. पाऊण इंची, म्हणजे सहा सुती बोल्टाला व्हिटवर्थच्या आणि अमेरिकेच्या जाड आट्यांच्या अशा दोन्ही तक्त्यांत दहाच आटे असतात. तसेच पाच सुताला अकरा. आणि क्यूच्या दुनियेत तीन सुती जाडीवर अकरा आट्यांचीही एक जात आहेच. म्हणजे क्यू बनवणाऱ्यांनी थोराड बोल्टाचे विरळ आटे उचलून बारीक दांड्यावर बसविले होते. लोखंडाच्या दृष्टीने हा अव्यवहार आहे. लाकडाच्या दृष्टीने मात्र ते मोठेच शहाणपण आहे. लोखंडात सोळा आटे पाडले तर सोळाही टिकतात. पण शाफ्टच्या लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावत असल्यामुळे, आडवे कापलेले आटे जितके अरुंद तितके ते लवकर कडेने चुरा होऊन झडतात. दहाच पाडले की दोन खाचांच्या मध्ये लाकडाची पुरेशी जाड भिंत उरते. शिवाय या पिनेचा गाभा मुद्दाम भरीव ठेवलेला असतो, खाचेचा तळ सपाट आणि उथळ. गाभ्याची जाडी अडीच सुताला किंचित कमी, त्यामुळे अडीच सुती भोकात तो बसतो आणि आट्यांखेरीज सगळ्या लांबीभर लाकडाचा आधार मिळतो. ज्या कोणी ही जात प्रथम मुक्रर केली असेल, त्याला लाकूड कळत होते.

शाफ्टमध्ये असे आटे पाडणारा टॅप हवा होता, म्हणून माळशेज उतरून, कल्याणहून लोकलने मशीद स्टेशन गाठून नागदेवी स्ट्रीटही पालथी घातली. तेथे असा टॅप 'स्पेशल' म्हणून घडवून मिळेल, परंतु एक नग कोणी घडवणार नाही, एवढाच निकाल मिळाला. येताना सिल्व्हर स्टीलची कांडी तेवढी विकत घेतली आणि टॅप घरीच करण्याची तजवीज केली.

लेथच्या लीड स्क्रूला इंचाला चार आटे. दहा हवे असतील तर चाळीस दाती चाक वर आणि शंभर दाती चाक खाली, इतका हा हिशेब सरळ आहे. टूल मात्र पिनेच्याच सपाट तळाच्या नमुन्यावर घासून तयार केले. आटे पडल्यावर पुढचे टोक निमुळते केले, म्हणजे प्रत्येक दात आपल्या वाट्याचे थोडे लाकूड कापील. बाजूंनी भुसा निघण्यासाठी उभ्या खाचा कापल्या. नंतर गावच्या लोहाराच्या भात्यापाशी गेलो. "सर, विळ्याला देतो तसंच पाणी द्यायचं ना?" असे त्याने विचारले, आणि माझ्या होकाराची वाट न पाहता कांडी चिंचोक्याहून उजळ लाल होताच सरळ उभी पाण्यात बुडविली. आडवी बुडविली असती तर ती वाकती. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे. पुढे दात घासून चकचकीत केले आणि मागच्या बाजूने सावकाश ऊब देत, फिकट पिवळसर रंग दातांपर्यंत सरकत येताच पुन्हा पाण्यात. त्याहून अधिक तापवले तर निळा रंग चढतो आणि धार नरम पडते.

टॅप सिद्ध झाला, पण काम तत्काळ सुरू करू दिले नाही, यावरून भाचा काही काळ माझ्यावर रुष्ट होता. झिजलेल्यांच्या जागी बसवायचे नवे शाफ्ट मेपलचे होते, आणि आषाढाचे दिवस. माळशेजच्या पायथ्यापासून इकडे येणारे ढग आमच्या पडवीतून गेल्यासारखे जातात. भिंतीला ओल, कागद लिबलिबीत. अशा हवेत कापलेले गोल भोक उन्हाळ्यात गोल राहील, ही हमी कोणी द्यावी? मी शाफ्ट दोरीने आढ्याला उभे टांगून ठेवले. "मामा, गिऱ्हाईक थांबत नाही हो," असे तो म्हणे. "लाकूडही थांबत नाही, ते फुगतंय," एवढेच माझे उत्तर. कार्तिकात ते उतरवून सरळ काचेवर लोळवून पाहिले तेव्हा काही वाकलेले निघाले. ते बाजूला काढले आणि त्यांच्यावर मजुरी वाया गेली नाही याचा आनंद आम्हा दोघांना निरनिराळ्या कारणांनी झाला.

शाफ्ट लेथच्या चकात धरताना दाताचे वळ उठू नयेत म्हणून नायलॉनची चिरलेली बुश घातली आणि डायलची सुई स्थिर होईपर्यंत त्याला मध्यावर आणले. अडीच सुती ड्रिल एकदम घालण्याचा मोह येथे आवरावा लागतो, कारण ड्रिल लाकडाच्या नरम रेषेच्या ओढीने वाहत जाते आणि भोक गोल पण वाकडे पडते. म्हणून आधी लहान ड्रिल, मग बोरिंग टूलने हलक्या हाताने कड सरळ करीत अंतिम माप. टॅप टेलस्टॉकच्या सेंटरने टेकवून, वीज बंद ठेवून, चक हाताने फिरवीत आत सोडला. थोडे पुढे, थोडे मागे, भुसा झटकून पुन्हा. पहिल्या फेरीनंतर पातळ, झटपट सुकणारा गोंद आट्यांवर सोडला. तंतू तो शोषून काचेसारखे कडक होतात, आणि मग तोच टॅप दुसऱ्यांदा फिरविला की आटे स्वच्छ, तुळतुळीत उतरतात. या दुसऱ्या फेरीचा कुरकुर असा एक कोरडा आवाज असतो. तो ऐकू आला, की काम साधल्याचे मला न पाहता कळू लागले.

बटातील पिना स्टेनलेस स्टीलच्या नव्या केल्या. पिनेच्या अंगावर एक उभी चीर मुद्दाम घातली, कारण बंद भोकात ॲराल्डाइट भरून पिन फिरवली तर कोंडलेली हवा तिला हळूहळू बाहेर ढकलते, आणि सकाळी पाहावे तो ती केसभर वर आलेली असते. ॲराल्डाइट पुरते सुकल्यावरच बटाचे तोंड, पिन स्वतः डगमगाविना फिरते आहे हे पाहून, एका बारीक कापात सपाट केले. शाफ्टच्या तोंडाशी भोक किंचित रुंद ठेवले, म्हणजे पहिला आटा तोंडाला उचलून धरणार नाही. जोडलेला क्यू खिडकीसमोर धरला, तेव्हा सांध्यात उजेडाची रेघ दिसली नाही. टेबलावर लोळवला, तेव्हा टिपेचे टोक थरथरले नाही. भाच्याने नखाने सांधा चाचपून पाहिला आणि पैशाचे विचारले. मजुरी घेतली, नात्यात फुकट केलेल्या कामाची तक्रार ऐकून घ्यावी लागते, हा माझा जुना अनुभव आहे.

पुढे त्याने आणखी काही क्यू आणले. त्यांतील एकाची पिन अडीच सूत जाडीची आणि अठरा आट्यांची निघाली. ही जात व्हिटवर्थच्या तक्त्यात आहे आणि अमेरिकेच्या जाड आट्यांच्या तक्त्यातही, त्यामुळे बोहरी आळीत तो टॅप पहिल्याच दुकानात मिळाला. फक्त आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा की साठ, एवढे विचारून घ्यावे लागले. लाकडाला तो भेद फारसा जाणवत नाही, परंतु या शाफ्टच्या तोंडात पितळी बुश होती.