उणा कान

“यंदा फटाके फारच कमी वाजताहेत,” असे मी दिवाळीच्या पहाटे म्हटले आणि सारे घर हसू लागले. नातीने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितले, “आजोबा, बाहेर नुसता धडधडाट चाललाय!”

माझे कान गेली पाच वर्षे हळूहळू निरोप घेत आहेत. आमच्या ख्रिस्तमंदिरात तीस वर्षे मी पेटी वाजवीत असे. ‘उपासना संगीता’तले पद कोणत्या पट्टीत धरायचे, हे मला विचारल्यावाचून ठरत नसे. या मानाचा मला चांगलाच गर्व होता. एका रविवारी मंडळी पुढे गेली आणि माझी पेटी मागेच राहिली. कोणी काही बोलले नाही. ते न बोलणेच मला लागले. पुढच्या रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि मनातल्या मनात देवाशी भांडू लागलो.

संत पौलाच्या देहात कसलासा काटा होता. तो काढून टाक, म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेल, अशा अर्थाचे उत्तर तेवढे मिळाले. यावरची प्रवचने मी धड कानांनी कितीदा तरी ऐकली होती. आत मात्र एकही गेले नव्हते.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली त्या वैद्यकी शिकावी म्हणून इंग्लंडला गेल्या. पण बहिरेपणामुळे ती वाट बंद झाली. त्याच बाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढे केडगावला दुष्काळातल्या निराधार मुली पदराखाली घेतल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले.

मी काही रमाबाई नव्हे. पण शेवटच्या बाकावर माझेही एक नवल झाले. ऐकू येत नाही म्हणून मी माणसाच्या अगदी जवळ बसतो, त्याच्या ओठांकडे, डोळ्यांकडे पाहतो. पेटीमागून इतकी वर्षे मला चेहरे कधी दिसलेच नव्हते. एकदा शेजारच्या एका विधवा बाईंनी मुलगा घर सोडून गेल्याचे सांगितले. निम्मे शब्द मला कळले नाहीत. सल्ला द्यावा एवढे शहाणपणही जवळ नव्हते. दोघांनी डोळे मिटून प्रार्थना केली, इतकेच. निघताना त्या म्हणाल्या, “काका, आज कुणीतरी ऐकलं.” हे वाक्य मी त्यांच्या ओठांवरून वाचले!

काटा अजून आहे, आणि टोचतोही. पेटीवर आता नात बसते. संध्याकाळी तिने हात धरून मला अंगणात नेले. फटाके तिने ऐकले. मी पणत्या पाहिल्या.