चारही चाकं ओढतात तेव्हा

पावसाळ्यात गगनबावड्याला आला आहात का कधी? कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटर. इथून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. घाटात पक्का रस्ता, वाडीच्या वाटेवर लाल चिखल!

चिखल आला की जीपवाले काका गिअरशेजारचा छोटा दांडा ओढतात. मागच्या दोन चाकांना मिळणारी इंजिनाची ताकद मग चारही चाकांना मिळते. "मग दांडा कायम तसाच ठेवायचा की!" आमच्या वर्गातला एकजण म्हणाला.

ओल्या मातीत सायकल वळवून बघा. पुढच्या चाकाचा माग बाहेरून, लांबून जातो. जीपचंही तसंच. पण दांडा ओढला, की पुढची नि मागची चाकं एकाच वेगानं फिरू बघतात. चिखलात ती घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर मात्र टायर घासतात, वळणं जड जातं.

ही झाली पार्टटाइम गाडी. फुलटाइम गाडीत हा फरक सांभाळायला मध्ये डिफरन्शियल असतं. घडीत ओला, घडीत कोरडा रस्ता असेल तर ती सोयीची. चिखल चारच दिवस असेल तर दांड्याची पुरते.

पण ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना लागतो. म्हणून ओल्या उतारावर खरा सोबती एकच, कमी वेग!