एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. ती पोहोचली तिथे पडदा निळा झाला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक बसले. मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करावे लागले, देशात अनेक प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरही हाच विषय होता. आमच्या खंडाळ्याची पोरे शिरवळच्या एमआयडीसीत आणि पुण्याच्या आयटीत कामाला आहेत, त्यामुळे असल्या बातम्या इथे लवकर येतात. ‘व्हायरस होता’, ‘युद्ध सुरू झालं’, काय वाटेल ते. मी संगणकाचा माणूस नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण नंतर कंपनीने स्वतःच जो खुलासा केला, तो वाचल्यावर वाटले, अरे, हे तर आपल्या ओळखीचे आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणकाच्या अगदी आत जो मूळ प्रोग्राम चालतो त्याला कर्नेल म्हणतात. (लष्करातला कर्नल वेगळा.) आपण त्याला गाभा म्हणू. मोबाइलमधले एखादे ॲप बंद पडले तर तेवढेच बंद पडते. गाभ्यात चूक झाली की सगळे थांबते. गावातल्या गल्लीत ट्रॅक्टर बंद पडणे आणि खंबाटकी घाटात ट्रक आडवा होणे यात जो फरक, तोच. घाटात आडवा झाला की पुण्याहून साताऱ्याला जाणारा प्रत्येक जण अडकतो, मग त्याचा त्या ट्रकशी संबंध असो वा नसो.

म्हणून गाभा लिहिणाऱ्यांचा जुना दंडक आहे: बाहेरून येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. एखादा प्रोग्राम गाभ्याला सांगतो, ‘अमुक जागी माझा मजकूर आहे, लांबी इतकी, घे.’ गाभ्याने आधी पाहायचे की ती जागा खरोखर त्याचीच आहे का. मग मजकूर आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि ती उतरवलेली प्रत तपासायची. त्याच्याकडेच ठेवून तपासला, तर तपासणी आणि वापर यांच्यामधल्या क्षणात तो बदलू शकतो. हे शिक्षकाला कोणी समजावून सांगायला नको. पेपर गोळा करून मग तपासतात, पोराच्या हातात पेन असताना त्याच्या बाकावर नाही.

क्राउडस्ट्राइकचा एक भाग याच गाभ्यात चालतो. त्या फाइलीच्या साच्यात एकवीस रकाने ठरले होते, पण गाभ्यातला प्रोग्राम वीसच गोष्टी पुरवत होता. फेब्रुवारीत हा साचा आला तेव्हापासून एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असेच असायचे, म्हणून तिकडे बघायची वेळच आली नाही. चाचण्याही तशाच पार पडल्या. जुलैच्या त्या सकाळी पहिल्यांदा तिथे नेमके काही लिहिलेले आले. प्रोग्राम एकविसावी गोष्ट शोधायला यादीच्या बाहेर गेला आणि पडला. आता फाइल पाठवण्याआधी ती तपासणारा एक वेगळा प्रोग्राम होता की! त्याने ती पास केली, कारण त्याच्या हिशेबीही रकाने एकवीसच होते. आणि जिथे ती प्रत्यक्ष वापरली जाणार होती, तिथे ‘माझ्याकडे किती आहेत’ हे मोजणारे कोणी नव्हते. ती मोजणी नंतर घातली. सदोष फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली, पण जे संगणक पडले होते ते चालू होताना पुन्हा पडत होते. त्यांतल्या कित्येकांपाशी माणसाला स्वतः जाऊन बसावे लागले.

यात मला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. २०१५ च्या मे महिन्यात एक संदेश फिरत होता. तो आला की आयफोन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. त्यात इंग्रजी शब्दांसोबत अरबी अक्षरे होती, चिनी होते, आणि देवनागरीतली दीर्घ ॡ ची मात्रा. बातम्यांत तिला ‘मराठी अक्षर’ म्हटले गेले. मराठीच्या शिक्षकाला विचारा, दीर्घ ॡ कुठल्या शब्दात येतो? ऱ्हस्व ऌ सुद्धा ‘क्लृप्ती’पुरता उरलाय. तिथे गाभा पडत नव्हता, पडद्यावर अक्षरे मांडणारा भाग पडत होता. ३० जूनला दुरुस्ती आली. २०१८ मध्ये तेलुगूतल्या ‘ज्ञा’ने पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा बातमीचे मथळे अक्षराच्या नावाने होते. लाम, स्वाद, ज्ञा, जणू हीच विषारी. ज्या प्रोग्रामला ती पेलली नाहीत त्याच्याबद्दल कमी बोलले गेले. मी ज्या दोन लिप्या रोज फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, त्यांची जगाला ओळख झाली ती अशी.

याची उलट बाजूही आम्ही पाहतो. आमच्यात कित्येक मुलींचे नाव एकच शब्दाचे असते, आडनाव नसते. परवा एका ऑनलाइन अर्जाने असे नाव घेतलेच नाही. आडनावाचा रकाना लाल. नाव खरे, कागद खरे, पण तपासणी करणाऱ्याने एक प्रकारचीच नावे धरून रकाना आखलेला. जिथे लांबी मोजायची तिथे वंशावळ विचारली. केंद्रावरच्या मुलाने थोडा विचार केला आणि त्या रकान्यात एक टिंब टाकले.

अर्जाने टिंब घेतले. छापील पावतीवर पोरीच्या नावापुढे ते आहे.